कादंबरीतली भावजय

कादंबरी कुरियरने आली आणि सही करून ती वहिनींनीच घेतली. चांगलं जाडजूड पुस्तक होतं. मुखपृष्ठावर त्यांच्या नणंदेचा तरुणपणचा फोटो होता: डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, मूठ वळलेली. गाताना ती खरोखरच अशी दिसायची. पुस्तकावर धुळीचा कण नव्हता, तरी वहिनींनी ते हाताने पुसलं आणि बाहेरच्या खोलीत कपाटावर उभं करून ठेवलं. वाचायला मात्र घेतलं नाही. कादंबऱ्या वाचायची त्यांना सवय नव्हती. शिवाय जी बाई आपल्या मागच्या खोलीत इतकी वर्षं राहून गेली, जिचं शेवटचं दुखणं आपण काढलं, तिच्याबद्दल परका माणूस आपल्याला नवीन ते काय सांगणार?

रविवारी लेक आली आणि पुस्तक घेऊन गेली. आत्यावर तिचा भारी जीव. त्यानंतर लेकीचे फोन बदलले. एरवी ती फोनवर सासूपासून शाळेतल्या हेडमास्तरापर्यंत सगळ्यांची यथेच्छ धुलाई करायची. आता ‘बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेवते’ एवढ्यावर आटपायला लागली. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. माणूस काय बोलतो यापेक्षा काय बोलायचं टाळतो, ते त्यांना आधी ऐकू यायचं.

“घरी काही झालंय का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

लेक म्हणाली, “आई, तू पुस्तक वाचलंस का?”

“नाही बाई.”

“वाच. मग बोलू.”

वहिनींचे यजमान, ज्यांना बहिणीमुळे सगळा रस्ता ‘दादा’ म्हणत असे, चष्म्याचं दुकान चालवायचे. दुकानाच्या समोरच पुस्तकांचं दुकान होतं. वहिनींनी तिथून दुसरी प्रत विकत घेतली. एरवी गप्पा छाटणाऱ्या दुकानदाराने त्यांना वर-खाली पाहिलं आणि मुकाट्याने पुस्तक कागदात गुंडाळून दिलं. यालाही काहीतरी माहीत आहे, हे वहिनींनी ओळखलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

नणंदेला लोक ठिणगी म्हणत. हे नाव एका वर्तमानपत्राने कुचेष्टेने ठेवलं होतं. तिने ते दागिन्यासारखं मिरवलं. गिरण्यांच्या फाटकावर, कॉलेजांच्या पटांगणात, ट्रकच्या हौद्यात उभी राहून ती गायची. त्या वेळी सरकार माणसं गाडीत घालून न्यायचं आणि पुढे त्यांचा ठावठिकाणा लागायचा नाही. ‘मोजून घ्या रे माणसं, संध्याकाळ झाली’ हे तिचं गाणं तेव्हा पोरांच्याही तोंडी होतं. ते गाणं म्हणणारी पोरं पोलीस दिसला की एकदम शिट्टी वाजवायला लागायची. मग तिला पकडलं. तुरुंगातून ती खोकला घेऊन बाहेर आली आणि आवाज पहिला राहिला नाही. पुढे सरकार पडलं, नवीन आलं. नव्या सरकारात तिचे जुने सोबती मंत्री झाले, त्यांनी तिला शाल दिली. ती घेऊन, त्याच व्यासपीठावर, तुम्हीही आता माणसं मोजत नाही, असं तिने त्यांना माईकवर सुनावलं. झालं. बोलावणी बंद. पुढची पोरं तिला ओळखेनाशी झाली. भाड्याची खोली सुटली तेव्हा दादांनी तिला घरी आणलं.

मागच्या खोलीत ती राहायची ती पाहुण्यासारखी. अंघोळीला जाताना खोलीला कुलूप. कोणी भेटायला आलं की आधी रेडिओ मोठा, मग बोलणं. वहिनी चहा घेऊन आत गेल्या की वाक्य अर्ध्यावर तुटायचं. घरात फोन असताना ही खाली औषधांच्या दुकानात जाऊन फोन करायची. “तुरुंगातून आलेल्या माणसाचं असंच असतं,” वहिनी शेजारणींना सांगायच्या. त्यांचा तिच्यावर राग नव्हता. उलट एक गुपित दोघींच्यात आहे, आणि ते नणंदेने न बोलता जपलं आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

लेखकाची गोष्ट वेगळी. शेवटच्या हिवाळ्यात तो दर आठवड्याला यायचा, झोळीतून टेप काढायचा, दार लावून घ्यायचा. त्याचा मात्र वहिनींना पहिल्या दिवसापासून संशय होता. त्यांनी त्याचे बूटसुद्धा निरखून पाहिले होते. जाड तळव्याचे, काळे, नाडीचे बूट घालणारी दोन माणसं त्यांनी नोकरीत फार जवळून पाहिली होती. लेखकाचे बूट फाटके निघाले. तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलं होतं.

आता दुपारी, दादा दुकानात असताना, त्या पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. सुरुवातीची पानं त्यांना आवडली. दादांच्या लहानपणचं घर, सासूबाईंचा करडा आवाज, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. मग भावजय आली. सावळी, कामसू, कमी बोलणारी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. वहिनी सरसावून बसल्या. पुस्तकात आपण आलो, याचा त्यांना चक्क आनंद झाला.

दहा-बारा पानांनंतर त्या आनंदावर बोळा फिरला.

कादंबरीतली भावजय पोलिसांची खबरी होती. नणंदेचे फोन ऐकून ती बातमी पोचवायची. अटकेच्या आदल्या संध्याकाळी ठिणगीला तिच्या पथकातल्या ढोलवाल्याचा फोन येतो. तो लपून बसलेला असतो. ‘ऐक, तू घरी...’ एवढं तो म्हणतो आणि फोन कापला जातो. पुढचे शब्द तिला कळत नाहीत. ती घरी जाते आणि दारात पोलीस उभे असतात. फोन कोणी कापला, हे तिला तेव्हाच कळतं. आणि पुढे, म्हातारपणी भावजयीच्या दारात यायची वेळ आल्यावर, ती एके दिवशी तिला तोंडावर म्हणते, “वहिनी, तू त्या दिवशी जे केलंस ते मी विसरलेले नाही.”

‘त्यात काय, वन्सं,’ पुस्तकातली भावजय म्हणत होती, ‘घरासाठी माणूस एवढं करतोच.’ आणि हसून तिने चहाचा कप पुढे केला.

वहिनींनी पुस्तक पालथं ठेवलं. त्यांचे कान तापले. कारण हे वाक्य लेखकाने रचलेलं नव्हतं. ते त्यांचंच होतं. शब्दन् शब्द त्यांचा. त्या हसल्याही होत्या.

घडलं होतं ते असं. एक्स्चेंजमध्ये त्या काळी लांब फळ्यासमोर बायका ओळीने बसायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची रांग. एका भोकातली दोरी दुसऱ्यात खोचली की दोन माणसं जोडली जायची, ओढली की तुटायची. फळ्याच्या मागे एक खोली होती. तिथे काळ्या बुटांची ती दोन माणसं बसायची. ठरावीक नंबर लागला की त्यांच्या खोलीत दिवा पेटायचा आणि तेही ऐकायला लागायचे. याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी बायकांकडून शपथ घेतलेली होती. त्या संध्याकाळी ठिणगी एका मैत्रिणीच्या घरी होती; ढोलवाल्याने तिला तिथे फोन लावला, आणि जोड वहिनींच्या फळ्यावरून गेली होती. मागे दिवा पेटलेला त्यांनी पाहिला. कानात नणंदेचा आवाज आला, “तू आधी सांग, तू आहेस कुठे? त्या मास्तरांच्या...” आणि त्याच वेळी ढोलवाला म्हणत होता, “ऐक, तू घरी...” दोघं एकदम बोलत होते. वहिनींनी दोरी ओढली. कोणत्या मास्तरांच्या घरी तो लपला आहे, हे त्या काळ्या बुटांच्या कानी पडू नये म्हणून ओढली. ढोलवाला सापडला नाही. तो सीमेपलीकडे गेला, तिथेच संसार केला, तिथेच मेला.

नणंद मात्र सापडली.

आपण आणखी एक वाक्य थांबलो असतो तर? हा प्रश्न वहिनींनी स्वतःला कधी विचारला नव्हता असं नाही. पण त्याचं उत्तर नणंदेने दिलेलं आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. ‘तू केलंस ते मी विसरलेले नाही.’ त्यांना ते आभार वाटले होते. केवढं बरं वाटलं होतं त्या दिवशी! त्या आनंदात त्यांनी चहात साखर जास्त घातली होती आणि नणंदेने तो कप तसाच ठेवला होता. गोड झाला म्हणून ठेवला, असं त्यांना वाटलं होतं.

आता रस्त्यावर सगळीकडे त्यांना तो कप दिसायला लागला. भाजीवाली पूर्वीसारखी बोलते की तोलूनमापून? वरच्या मजल्यावरची बाई त्यांना जिन्यात पाहून फोनवरचा आवाज खाली का आणते? दिराच्या मुलाने तर लग्नाच्या जेवणात गंमत म्हणून विचारलं, “काकू, बोलू का पुढे, की कापताय?” सगळे हसले. वहिनीही हसल्या. हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या पुस्तकातही अशाच हसतात.

वहिनी लेखकाकडे गेल्या. लेखक दुसऱ्या मजल्यावर राहायचा, पुस्तकांचे गठ्ठे खुर्च्यांवर होते. त्याने एक खुर्ची रिकामी केली, पाणी दिलं, आणि वहिनींनी सगळं सांगितलं. दिवा, काळे बूट, मास्तर, दोरी. तो ऐकत होता, मान हलवत होता. त्याचा फोन टेबलावर पालथा होता.

“तो फोन आधी लांब ठेवा,” वहिनी म्हणाल्या.

तो ओशाळला. फोन त्याने शेल्फवर ठेवला. “वहिनी, मी तुमच्यावर आरोप केलेला नाही. ती कादंबरी आहे. पात्राला नावसुद्धा नाही.”

“नाव कशाला हवं? एक्स्चेंजमधली भावजय या गावात दुसरी कोण आहे?”

“पण शेवट वाचलात ना? ती भावजयीला क्षमा करते. मरताना तिचा हात हातात घेते. मला सगळ्यात जास्त पत्रं त्या प्रसंगासाठी येतात. लोकांना तुमची दया येते.”

“जे केलंच नाही त्याची माफी मी कशाला घेऊ?” वहिनींचा आवाज चढला. “आणि हात तिने घेतला नव्हता. मी घेतला होता. तिने सोडवून घेतला.”

हे लेखकाला नवीन होतं. आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलेलं वहिनींच्या नजरेतून सुटलं नाही.

“हे सगळं तुम्ही त्यांना कधीच का नाही सांगितलंत?”

“तिला माहीत आहे असं वाटलं म्हणून.”

“हं,” तो म्हणाला. हा ‘हं’ वहिनींनी बरोबर ओळखला. शंका असलेला माणूस सभ्यपणे करतो तो ‘हं’. मग तो पुढे म्हणाला, “तुमच्या बाजूनेही एक पुस्तक होईल. तुमची तयारी असेल तर मी दर आठवड्याला येईन.”

“दार लावून बसायला?” वहिनी उठल्या. “नको. एकदा येत होतात तेवढं पुष्कळ झालं.”

उतरताना जिन्यात त्यांना सुचलं की साक्षीदार आहे. फळ्यावर त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची जिची होती ती बाई. दोघींनी एकमेकींचे डबे खाल्ले होते, एकमेकींच्या बाळंतपणाच्या रजा भरून काढल्या होत्या. निवृत्तीनंतर ती दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेली होती. वहिनी बसने तिच्याकडे गेल्या. लेकीला मुद्दाम बरोबर घेतलं. एकदा तिच्या कानांनी ऐकू दे.

मैत्रीण थकली होती, पण डोकं लख्ख होतं. वहिनींना पाहून तिने सुनेला दोनदा हाका मारल्या, लेकीच्या गालावरून हात फिरवला. सगळ्या जुन्या बायकांची चौकशी झाली. कोण गेली, कोण आहे, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग वहिनींनी विचारलं.

“तुला ती संध्याकाळ आठवते? मी वन्संच्या फोनची दोरी ओढली ती?”

“आठवते की,” मैत्रीण म्हणाली. “मी पाहिलं होतं.”

वहिनींनी लेकीकडे पाहिलं. लेक पुढे सरकली.

“मग हिला सांग. मी का ओढली?”

मैत्रीण लेकीकडे पाहीना. तिने चादरीची घडी उगाच सारखी केली. “आता कशाला उकरायचं ते? झालं गेलं. आपल्याला सगळ्यांना पोटं होती. आम्ही कोणी तुला कधी बोललो का?”

“म्हणजे?”

“म्हणजे... अगं, आम्ही समजून होतो. मागच्या खोलीतून तुला इशारा आला असेल. नणंद असली तरी काय करणार तू? नाही म्हणाली असतीस तर दादांचं दुकान राहिलं असतं का? आणि पुढच्याच वर्षी तुला सुपरवायझर केलं...”

“ते सीनियॉरिटीने केलं!”

“तेच म्हणते मी,” मैत्रीण घाईघाईने म्हणाली. “सीनियॉरिटीनेच.”

परतीच्या बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या होत्या. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. एवढी वर्षं ती बाई त्यांच्या डब्यातलं खात होती, हसत होती, आणि मनात हे बाळगून होती. बरं, तिने मनात धरलं ते रागानेही नाही, समजूतदारपणाने! रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, “आई, माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“कधीपासून?” वहिनींनी विचारलं.

लेकीने आईची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

राहता राहिले दादा. गंमत म्हणजे इतके दिवस दादांनी पुस्तकाचा विषयच काढला नव्हता. बहिणीवरचं पुस्तक, समोरच्या दुकानात ढीग लागलेला, आणि हा माणूस चष्म्याच्या काचा पुसत बसलेला. वहिनींना हे आधी दादांचं दुःख वाटलं होतं. आता त्यांना ते दुःख वाटेना.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. दादा एका चष्म्याची काडी बसवत होते. गिऱ्हाईक नव्हतं. वहिनींनी दुकानाचं काचेचं दार लोटलं.

“अहो, वन्संना माझ्यावर संशय होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

दादांच्या हातातला बारका स्क्रू काउंटरवर पडला. तो शोधायला ते खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

“वर या. स्क्रू मिळेल नंतर.”

दादा वर आले. “तुरुंगातून सुटली तेव्हाच म्हणाली होती मला. तुझ्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाली. मग म्हातारपणी दुसरा इलाजच राहिला नाही तिला.”

“आणि तुम्ही मला बोलला नाहीत.”

“बोलून काय झालं असतं? घरात दोघी...”

“मला एकदा विचारायचं होतं. तू केलंस का, एवढंच. इतक्या वर्षांत एकदा. का नाही विचारलंत?”

दादांनी चष्मा काढला. ते चष्म्याशिवाय फार म्हातारे दिसायचे. “भीती वाटली,” ते म्हणाले. “तू हो म्हणाली असतीस तर?”

म्हणजे एकाच घरात, ताटाला ताट लावून जेवणारी तीन माणसं होती. एकीला खात्री होती, एकाला शंका होती, आणि एकट्या वहिनीच सुखात होत्या. त्यांना वाटलं, ओरडावं. पण त्या ओरडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी दादांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. लेखकाला सांगितलं त्याहून सावकाश, आणि ‘आणखी एक वाक्य थांबले असते तर’ हेही वगळलं नाही. दादा ऐकता ऐकता रडायला लागले. गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं आणि तसंच मागे गेलं.

“आता सांगा,” वहिनी म्हणाल्या. “खरं वाटतं का?”

“वाटतं. देवाशपथ वाटतं.”

त्यांनी ते फार चटकन म्हटलं. वहिनींना वाटलं, जरा थांबून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दादांनी एक चालू केलं. डोळे तपासायला येणारा असो की वीजमीटर बघायला येणारा, ते त्याला बसवून घेतात आणि सांगतात. कादंबरी वाचलीत का? त्यातली भावजय खोटी आहे. खरी हकीकत मी सांगतो. आणि मग एक्स्चेंज, काळे बूट, दिवा. सुरुवातीला ते वहिनींनी सांगितलं तसंच सांगायचे. हळूहळू त्यात भर पडत गेली. मागच्या खोलीतला माणूस दार उघडून बाहेर येऊ लागला. मग त्याच्या कमरेला पिस्तूल आलं. लोक चांगले रंगून ऐकतात. काही जण जाताना आत डोकावून वहिनींना नमस्कारही करतात. तो नमस्कार खबरी बाईला आहे की शूर बाईला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून वहिनींना सांगता येत नाही; आणि त्यांनी ते बघणंही आता सोडून दिलं आहे. लेक दर रविवारी येते. फोनवर पुन्हा सासूची धुलाई सुरू झाली आहे, पूर्वीइतकी नाही, पण बरीच.

परवा बाहेरच्या खोलीत दादांपुढे विमा एजंट बसला होता. वहिनी स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या आणि कान बाहेरच होते.

“नणंदेचा आवाज कानात आणि हातात ती दोरी,” दादा रंगात येऊन सांगत होते. “डोळ्यांना धार लागलेली. रडत रडत ओढली हो तिने!”

“मी रडले नव्हते!” वहिनी आतून ओरडल्या.

दादा एजंटकडे वाकले आणि आवाज खाली आणून, पण वहिनींना ऐकू जाईल इतपत, म्हणाले, “बघा. अजून कबूल करत नाही.”